रविवारी चर्च सुटल्यावर तुम्ही कुठे जाता? एकट्या राहणाऱ्या बायकांना विचारतेय

सातपूरची_३७

नमस्कार. इथे ख्रिस्ती बहिणी किती आहेत माहीत नाही, असतील तर जय ख्रिस्त, नसतील तरी वाचा आणि सांगा. गेले कित्येक महिने नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३७, लग्न झालेलं नाही, मूळची श्रीरामपूरकडची, नाशकात बारा वर्षं झाली. अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि सातपूरला वन बीएचके भाड्याने घेतलाय. वडील नाहीत, आई गावी भावाकडे असते. नोकरी बरी आहे, तब्येत बरी आहे, प्रभूची कृपा आहे, सोमवार ते शनिवार कसा जातो कळत पण नाही. प्रश्न रविवारचा आहे.

आमची उपासना साडेआठला सुरू होते आणि सव्वादहाच्या आसपास सुटते. मग अर्धा तास सगळे आवारात उभे असतात, चहा होतो, पोरं पळत असतात, कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे कोणाचं ऑपरेशन झालं सगळं तिथेच कळतं, आणि तो अर्धा तास मला फार आवडतो. पण मग एकेकाला हाक यायला लागते, अहो चला, मम्मी चल ना, आणि पाच मिनिटात आवार रिकामं. कोणाची गाडी मिसळ खायला वळते, कोणाची माहेरी. मी शरणपूर रोडने कॅनडा कॉर्नरपर्यंत चालत येते, बस आधीच्या स्टॉपला पण मिळते तरी चालत येते कारण लवकर घरी पोचून करायचं काय.

आधी असं नव्हतं. माझी मैत्रीण आणि मी नऊ वर्षं एकत्र राहिलो, चर्चमध्ये पण एकाच बाकावर, डावीकडे तिसरी रांग खिडकीजवळ. रविवारी मटण ती आणायची, भात मी लावायचे, मसाला तिच्या आईचा, वर्षाचा एकदम यायचा. दुपारी ती झोपायची, मी वाचत बसायचे, आणि चार वाजता कोणीतरी एक जण चहा ठेवायचं, कोणी ते कधी ठरवलं नव्हतं. मे मध्ये तिचं लग्न झालं, पुण्याला गेली. मी मनापासून खूश आहे, तिच्या पांढऱ्या साडीच्या निऱ्या मीच केल्या. पण लग्नानंतरचे पहिले दोन रविवार मी दोघींच्या मापाचाच भात लावला, हात सवयीने तेवढेच तांदूळ घेत होता, आणि उरलेला भात बघून मी ओट्यापाशी उभी राहून रडले. आता रविवारी स्वयंपाकच करत नाही, पार्सल आणते.

मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चचे, लोक चांगले आहेत हे आधी सांगते. भेटलं की "आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतोय" म्हणतात, म्हणजे लग्नासाठी. पण आज दुपारी आमच्याकडे जेवायला ये असं गेल्या पाच महिन्यात एकदाच कोणीतरी म्हणालं, ते पण पाळक साहेबांच्या घरून, नवीन वर्षाची कॅलेंडरं मोजायला मी तिथे थांबले होते म्हणून. तरुण संघ ३५ वर्षांपर्यंत आहे. जोडप्यांची फेलोशिप वेगळी. महिला मंडळात जाते पण तिथे सगळ्या सासू सुना आणि मुलांचे दहावीचे मार्क. आणि बाहेर बघायला गेलं तर ऑफिसमधली माझी एक मैत्रीण पंचवटीत राहते, ती चैत्रात हळदीकुंकवाला हक्काने बोलावते, मी जाते, आंब्याची डाळ आणि पन्हं अगदी प्रेमाने मिळतं, पण कुंकू लावायची वेळ आली की मी माझ्या विश्वासामुळे मागे सरकते आणि तिच्या सासूबाई पण जरा थांबतात कारण माझं लग्न झालेलं नाही. दोन्हीकडे प्रेम आहे, आणि दोन्हीकडे माझी खुर्ची कुठली ते कोणालाच माहीत नाही.

अजून एक, हे मी कोणालाच बोललेले नाही. लग्नासाठी प्रार्थना करणं मी फेब्रुवारीपासून थांबवलंय. रागाने नाही. पंधरा वर्षं तेच एक मागत होते आणि एक दिवस लक्षात आलं की प्रभूशी बोलायला बसलं की मी दुसरं काही बोलतच नाही, आभार पण त्याच्या आधीचे म्हणून घाईघाईत मानते. थांबवल्यापासून प्रार्थना मोठी झालीय, मोकळी झालीय. पण रात्री भीती वाटते की मी विश्वास सोडला तर नाही ना.

तर तुमच्यातल्या एकट्या राहणाऱ्या बायका रविवारी काय करतात? मैत्रिणीचं लग्न झाल्यावर मैत्री कशी टिकवली? आणि मागणं थांबवणं चूक आहे का?

---

नाईट_ड्युटी

ताई, ओट्यापाशी उभं राहून रडणं वाचलं आणि फोन बाजूला ठेवला थोडा वेळ. मी ४४, कॅथलिक, नाशिकरोडला राहते, स्टाफ नर्स. माझा पण रविवार असाच होता पण माझी ड्युटी असायची म्हणून मला उशिरा कळलं. कळलं ते बाळ येशूच्या यात्रेमुळे. फेब्रुवारीत यात्रा असते तेव्हा मुंबई वसईकडून माणसं येतात, एका वर्षी माझ्या आत्याच्या ओळखीच्या चार बायका माझ्याकडे उतरल्या, मी एकटी म्हणून जागा होती, बाकी सगळ्यांची घरं भरलेली. दोन दिवस नुसता गोंधळ, गाद्या कमी, एक जण किचनमध्ये झोपली. आणि त्या गेल्यावर मला जाणवलं की मी इतकी वर्षं कोणी बोलवेल म्हणून थांबले होते आणि मी स्वतः एकदाही कोणाला बोलावलं नव्हतं, कारण डोक्यात हेच की घर म्हणजे नवरा मुलं असलेलं घर, माझी ती नुसती खोली. ताई तुमचा वन बीएचके हे घर आहे. तिथे चार ताटं मांडता येतात.

आता दुसरी गोष्ट, कोरडी आहे पण नर्स म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून एक रकाना असतो. मी रात्री अडीच वाजता एकट्या आलेल्या पेशंटला विचारते कोणाचं नाव लिहू आणि तो माणूस विचार करत बसतो, तो चेहरा मला घरी आल्यावर पण दिसतो. तुमच्या रकान्यात कोणाचं नाव ते आजच ठरवा. आईला श्रीरामपूरहून यायला वेळ लागेल, नाशकातलंच कोणीतरी हवं. माझं असं आहे की आम्ही तिघी, दोघी नर्स आणि एक शेजारीण, एकमेकींकडे घराची चावी आहे, मेडिक्लेमचा कागद कुठे आहे ते माहीत आहे, ब्लड ग्रुप माहीत आहे, आणि सकाळी नऊपर्यंत ग्रुपवर मेसेज नाही आला तर फोन, फोन नाही उचलला तर चावी घेऊन घरी. गेल्या पावसाळ्यात मला ताप चढला होता तेव्हा खरंच चावी लागली.

आणि वडील नाहीत म्हणता म्हणून अजून एक सांगते. आपल्याला, ख्रिस्ती लोकांना, भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू होतो. लग्न न झालेली बाई मृत्युपत्र न करता गेली आणि वडील आधीच वारलेले असले की तिचं जे काही असेल ते आई आणि भावाबहिणींमध्ये सारखं वाटलं जातं. तुम्हाला काही वेगळं करायचं असेल, मैत्रिणीला काही द्यायचं असेल, मंडळीला, तर मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. बँकेत नॉमिनी लावलाय म्हणजे झालं असं समजू नका, दोन्ही वेगळं आहे. आणि उद्या लग्न झालंच तर ते मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, नवीन करावं लागतं. मला हे सगळं करताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, उलट शांत झोप लागली.

---

दोन_पोरांची_आई

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे जिचं लग्न झालं ती मैत्रीण मी आहे. माझी पण अशी एक मैत्रीण होती, हॉस्टेलपासूनची, आणि मी तिला सहा वर्षं धड फोन केला नाही. का तर पहिलं वर्ष सासरी सगळं नवीन, मग पोटात बाळ, मग घरात इतका पसारा की तिला कुठे बसवू, आणि मनात एक असं पण की ती नोकरी करते फिरते तिला माझ्या दुपट्यांच्या गोष्टींत काय रस. तिला वाटत होतं मी विसरले. मला वाटत होतं ती माझ्या पुढे गेली. दोघी आपापल्या घरी बसून एकमेकींची आठवण काढत होतो.

मग एक दिवस ती न विचारता आली, मंगळवार होता, मी मेथी निवडत होते, तिने पिशवी खाली ठेवली आणि समोर बसून निवडायला लागली. तेवढंच. आता दर महिन्याला एक मंगळवार ती ऑफिसमधून थेट येते, मी पोरांचा अभ्यास घेत असले तरी येते, आम्ही दोघी धड अर्धा तास पण बोलत नाही कधी कधी. तुमची मैत्रीण पुण्यात आहे म्हणून तुम्हाला असं जमणार नाही पण फोनची एक वेळ बांधून घ्या, रविवारी चार वाजता चहाची तीच वेळ होती ना तुमची, तीच घ्या, ती तिकडे चहा ठेवेल तुम्ही इकडे. आणि पहिला फोन तुम्ही करा, ती सासरी आहे नवीन, तिला पण चार वाजले की आठवत असणार हे मी लिहून देते.

मंडळीतल्या घरांचं म्हणाल तर आम्ही बोलवत नाही त्याला कारण मोठं काही नसतं ताई. रविवारी भाकरी-कालवण साधंच असतं, पाहुणा म्हटलं की घर आवरलेलं हवं असं वाटतं. तुम्ही एखादीला सरळ म्हणून बघा की मी येऊ का, मटण मी आणते. मला कोणी असं म्हटलं तर मी जन्मभर उपकार मानेन.

---

सातपूरची_३७

दोघींचे आभार. चारची वेळ वाचून अंगावर काटा आला, मी तिला कधीच सांगितलं नाही की मी अजून चारलाच चहा ठेवते. नाईट ड्युटी ताई, रकान्यात कोणाचं नाव याचं उत्तर माझ्याकडे आत्ता नाही, हे लिहितानाच कळलं.

---

वचनात_स्थिर

बहीण, मनाला लागलं तर माफ कर, भाऊ म्हणून लिहितो. प्रार्थना थांबवू नकोस. बायबलमधल्या हन्नाने वर्षानुवर्षं एकच मागितलं, मूल, आणि देवाने ऐकलं. ३७ म्हणजे काही फार नाही, माझ्या मावस बहिणीचं ४१ ला जमलं, नगरकडचं स्थळ, दोघं सुखी आहेत. वधूवर मेळावे होतात तिथे नाव दे, पाळकांना सांग, लाजू नकोस. एकटं राहणं चांगलं नाही हे बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीतच म्हटलंय.

---

निवृत्त_बाई

वरच्या भावाने प्रेमाने लिहिलंय हे दिसतं, म्हणून मी पण प्रेमानेच उत्तर देते. मी ६८ वर्षांची, लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं, शरणपूरच्या बाजूला उभं आयुष्य गेलं. उत्पत्तीतलं ते वचन मला लोकांनी चाळीस वर्षं ऐकवलं आणि दर वेळी ते लग्नाच्या कार्यालयातच ऐकवलं. पण बाळा, मनुष्य एकटा असावा हे बरं नाही, एवढं त्या वाक्यात आहे, आणि ते विधवेला पण लागू आहे, म्हाताऱ्याला पण, नवरा दुबईला असलेल्या बाईला पण, आणि ज्या मंडळीला ते वचन पाठ आहे त्या मंडळीने आधी सव्वादहानंतर आवारात कोण उरतं ते बघायला हवं. हन्नाचं म्हणशील तर शमुवेलाच्या पुस्तकात नीट वाच, मूल होण्याच्या कितीतरी आधी, नुसती प्रार्थना करून उठल्यावरच ती जेवली आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. तुला फेब्रुवारीत जे झालं ते मला त्याच्या जवळचं वाटतं. मागणं थांबलं म्हणजे विश्वास थांबला असं मी मानत नाही. तू ते त्याच्या हातात ठेवलंस आणि आता बाकीचं बोलतेस. उद्या परत मागावंसं वाटलं तर परत माग, तो काही हिशोब ठेवून बसलेला नाही.

प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचं सातवं प्रकरण लोक आपल्याला वाचून दाखवतात, एकटं राहणं कसं चांगलं म्हणून. मला त्यापेक्षा त्याच्याच रोमकरांस पत्राचं शेवटचं, सोळावं प्रकरण जवळचं आहे, जे उपासनेत कोणी वाचत नाही कारण त्यात नुसती नावं आहेत. लग्न न केलेला हा माणूस, आणि नावं संपत नाहीत त्याची. फिबीला तुमच्याकडे पाठवतोय तिला काय लागेल ते द्या, प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्यासाठी आपली मान पुढे केली, आणि मग रूफला सलाम सांगताना म्हणतो की त्याच्या आईला पण सांगा, ती माझी पण आई आहे. या बाईचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. पण तिने कधीतरी पौलाला ताट वाढलं असणार, त्याशिवाय कोणी आई म्हणत नाही.

आणि तू ज्या रस्त्याने एकटी चालत येतेस त्या शरणपूरचं नाव कशावरून पडलं ते तुला कोणी सांगितलंय का. १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी ही वसाहत केली, शरण आलेल्यांचं गाव. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जायची, त्यातून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणून वाढवली, शिकवली. त्या पोरांचं या देशात रक्ताचं एक माणूस नव्हतं. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनरी प्रवाशाकडे गेला आणि १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन तिकडे एका खेड्यात वारले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने म्हटली, आणि मग त्याच्या सोबत्यांनी तो देह खांद्यावरून समुद्रापर्यंत आणला, महिनोन्महिने चालून. पुढे इंग्लंडपर्यंत देहाबरोबर गेला तो पण वेनराइटच. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मुलं गप्प व्हायची. ज्याला आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं त्याने दुसऱ्याचं आपलं माणूस होऊन दाखवलं, ते आपल्या या गल्लीत वाढलेल्या पोराने. मी एकटी आहे असं ज्या संध्याकाळी फार वाटतं त्या संध्याकाळी मला तो आठवतो.

आता कामाचं बोलते. एकटी बाई म्हटली की मंडळी दोन चुका करते. एक, तिला जेवायला बोलवत नाही. दोन, तिला सगळी कामं सांगते, तू मोकळीच आहेस ना म्हणून. संडे स्कूल तू, नाताळच्या नाटकाचे कपडे तू, हंगामाच्या सणाचा लिलाव लिहून घ्यायला तू, कॅलेंडरं मोजायला तू. मी वीस वर्षं सगळं केलं आणि मग एका नाताळात आजारी पडले तर बघायला आलेल्यांनी पहिलं विचारलं ते कपाटाच्या चावीचं. तेव्हापासून मी दोनच कामं घेते, आणि बाकीच्याला नाही म्हणते, हसून पण नाहीच म्हणते. तू पण शिक. त्या वाचलेल्या वेळात माणसं धर.

माझी मैत्रीण शेजारी राहायची, विधवा, दोन मुलं. तिची मुलं माझ्याकडे अभ्यासाला, माझं रात्रीचं जेवण तिच्याकडे, अशी सव्वीस वर्षं. आमची भांडणं पण झाली, एकदा तर तीन महिने अबोला होता, ती कारण नसताना माझ्या भाचीच्या लग्नाबद्दल बोलली होती, आणि त्या तीन महिन्यात सुद्धा डबा रोज यायचा, मुलगा आणायचा, ती यायची नाही. मैत्री म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी त्या डब्याचं सांगते. ती गेली त्याला आता चार वर्षं झाली. हॉस्पिटलच्या फॉर्मवर माझ्या नावापुढे आता तिच्या धाकट्याचं नाव आहे, नात्याच्या रकान्यात त्याने स्वतःच मुलगा लिहिलं.

मी रविवारी एकटीच जेवते. गुडघ्यामुळे उपासनेला आता रिक्षाने येते. तुझी मंडळी कुठली ते मला कळलंय असं वाटतं, डावीकडे तिसरी रांग खिडकीजवळ म्हणालीस. मी उजवीकडे असते, पुढून दुसऱ्या रांगेत, पांढरी साडी आणि काठी. सुटल्यावर गर्दीत चालायला नको म्हणून मी आतच थांबते, त्यामुळे तू मला आवारात कधी पाहिलं नसशील.

---

पंचवटीकर

मी ख्रिश्चन नाही, तुमची ती मैत्रीण पण नाही, पण राहते पंचवटीतच. हळदीकुंकवाचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे माझ्या आईने वडील गेल्यावर पाच वर्षं कोणाच्या हळदीकुंकवाला पाऊल टाकलं नाही, कोणी अडवलं नव्हतं, ती स्वतःच मागे सरकायची तुम्ही लिहिलंय तशी. आता आम्ही बहिणी संक्रांतीला नुसता तिळगूळ ठेवतो, सगळ्या बायकांना, लग्न झालेली, न झालेली, नवरा गेलेली असं काही नाही, कुंकू ज्यांना हवं त्या लावतात. तुमच्या मैत्रिणीला सांगून बघा, तिला कदाचित माहीतच नसेल तुम्हाला काय वाटतं ते. आणि गोदावरीला पाणी सोडतात तेव्हा, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं अशी बातमी आली की तिला फोन करा. आम्हा पंचवटीतल्या लोकांना त्या दिवशी कोणाचा फोन आला ते वर्षभर लक्षात राहतं.

---

सातपूरची_३७

उशिरा लिहितेय, मधे दोन रविवार गेले.

चारला फोन केला. तिने उचलल्यावर आधी काही बोलली नाही, मग म्हणाली थांब गॅस बारीक करते. तिने पण चहाच ठेवला होता.

भाऊ, तुमचा राग नाही आला. नाव कुठे द्यायचं असेल तर देईन, पण त्यासाठी रविवार थांबवून ठेवणार नाही.

बाई, तुम्हाला सगळ्यांसमोर सांगते. त्या पहिल्या रविवारी मी शेवटचं गीत सुरू असतानाच उजवीकडे बघत होते, आशीर्वाद झाल्यावर सगळे बाहेर गेले आणि तुम्ही काठी बाकाला टेकवून बसल्या होतात. बारा वर्षं मी त्याच दरवाजातून बाहेर जातेय आणि एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. मला कोणी बोलवत नाही असं म्हणत होते, पण आतमध्ये कोणी बसलंय का हे मी पण बघितलं नव्हतं. तुम्ही "आलीस का" एवढंच म्हणालात, जसं काही मी रोजची.

या रविवारी मटण मी आणते, रिक्षा साडेदहाला सांगितलीय, जिने नाहीत, माझा फ्लॅट तळमजल्याला आहे. दोन पोरांची आई, तुमचं ऐकून मी आमच्या मंडळीतल्या एका ताईंना पण विचारलं, त्या भाकरी घेऊन येतायत आणि त्यांची मुलगी पण येतेय, तिचं दहावीचं वर्ष आहे, बाई तिचं मराठीचं व्याकरण बघतील का विचारतेय. नाईट ड्युटी ताई, एक जादा चावी करून आणली, कोणाला द्यायची ते जेवताना विचारणार आहे. भात चौघींचा लावायचाय, तर साधारण किती वाट्या तांदूळ घेऊ, माझा अंदाज दोघींच्या पुढे कधी गेला नाही.

---

निवृत्त_बाई

दोन वाट्या भरून घे. आणि मला मऊ लागतो, पाणी थोडं जास्त.